फॅन फिरतात पण डिस्प्ले येत नाही: दाबामुळे अडलेला कॉम्प्युटर कसा ओळखायचा

कूलर बदलला, कॅबिनेट साफ केलं, नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं किंवा नुसतं मशीन उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवलं, आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरूच होईना. फॅन फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी. अशा वेळी बहुतेक जण आधी रॅम बदलून बघतात, मग एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), मग थेट मदरबोर्ड. एवढं करूनही बिघाड जागच्या जागी राहतो, कारण बऱ्याचदा एकही पार्ट खराब झालेला नसतो. कुठला तरी स्क्रू जास्त आवळला गेलेला असतो, बोर्डाखाली नको तिथे स्टँडऑफ (बोर्डाला कॅबिनेटपासून उचलून धरणारा छोटा पितळी खुंट) राहिलेला असतो किंवा दोन किलोचं कार्ड स्लॉटला खाली ओढत असतं. म्हणून नवा पार्ट विकत घेण्याआधी दाब सोडवून बघा. त्याला एक स्क्रूड्रायव्हर, चांगला उजेड आणि थोडा धीर एवढंच लागतं.

दाबाने नेमकं बिघडतं काय

आजकालच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना पिना नसतात. पिना सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागी असतात, अतिशय बारीक आणि स्प्रिंगसारख्या वाकवलेल्या. प्रोसेसरच्या पोटाला सोन्याचा मुलामा दिलेले सपाट ठिपके असतात. सॉकेटची लोखंडी चौकट प्रोसेसरला वरून दाबून धरते, तेव्हा प्रत्येक ठिपका आपापल्या पिनेवर टेकतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये अशा १७०० पिना आहेत, एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८. एवढ्या स्प्रिंगा एकदम दाबायच्या म्हणजे एकूण दाब वीस किलोच्याही बराच वर जातो. दाब हवाच, पण तो सगळीकडे सारखा पडायला हवा. एक कोपरा जास्त दबला की समोरचा कोपरा डोळ्यांना दिसणारही नाही इतका उचलला जातो आणि तिथल्या काही पिनांचा संपर्क डळमळतो.

त्या पिना कोणत्या कामाच्या आहेत, यावर पुढचं लक्षण ठरतं. वीजपुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या पिना शेकड्यांनी असतात. त्यातल्या दोन-चार सुटल्या तरी बाकीच्या काम भागवतात. रॅमकडे जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलला मात्र एकच पिन असते. ती सुटली की तो अख्खा मेमरी चॅनेल (प्रोसेसरपासून रॅमच्या स्लॉटांपर्यंतचा मार्ग) गेला. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे वाकडा बसलेला कूलर आणि खराब रॅम यांची लक्षणं हुबेहूब सारखी दिसतात. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

मदरबोर्डाची गोष्ट थोडी वेगळी. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या त्या पट्टीत तांब्याचे चार, सहा, आठ थर असतात. बोर्ड थोडाफार वाकला तरी आतल्या रेषा सहसा तुटत नाहीत. आधी तडकतात ते वर सोल्डर केलेले पार्ट. मोठ्या चिपांच्या पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे असतात, त्यांना केसासारखी भेग पडते. दुसरा नाजूक पार्ट म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान सिरॅमिक कपॅसिटर. सिरॅमिक वाकत नाही, तडकतं. आणि भेग पडलेला कपॅसिटर पुढे कधीतरी आतून शॉर्ट होतो. म्हणून बोर्ड आज वाकला आणि बिघाड महिन्याने उघड झाला, असंही घडतं.

बंद कधी पडतं, हे घड्याळ लावून बघा

बटण दाबल्यापासून मशीन किती वेळ तग धरतं, यातून बरंच कळतं.

फॅन जेमतेम हलून क्षणात थांबले, तर कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएसची सुरक्षा व्यवस्था वीज तोडते आहे. बोर्डाखालचा जादा स्टँडऑफ, मागच्या पोर्टमध्ये घुसलेली आयओ शील्डची (पोर्टांभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीची) जीभ किंवा तडकलेला कपॅसिटर, संशय या क्रमाने घ्यायचा.

बरोबर चार-पाच सेकंद चालून बंद पडलं, तर पॉवर बटण आत अडकलंय का ते बघा. बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, आणि पुढची जाळी वाकडी बसून बटण दबलेलं राहिलं तर बोर्डाला नेमका तोच इशारा मिळतो. पुढच्या पॅनलची वायर बोर्डावरून काढा आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन नीट चालू राहिलं तर दोष बटणाचा. रीसेटचं बटण अडकलं असेल तर चित्र आणखी फसवं असतं: फॅन अखंड फिरतात आणि प्रोसेसर कामाला सुरुवातच करत नाही. वरच्या चाचणीत ही वायरही सुटते, त्यामुळे एकाच फटक्यात दोन्ही संशय मिटतात.

फॅन फिरत राहिले आणि बोर्डावरच्या बिघाड दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांपैकी डीरॅमचा (रॅमचा) किंवा सीपीयूचा (प्रोसेसरचा) दिवा लागून राहिला, तर सॉकेटवरचा दाब हा पहिला संशयित. बोर्डावर दोन आकडी डिस्प्ले असेल तर बऱ्याच बोर्डांवर ५५ म्हणजे रॅम सापडली नाही आणि ०० म्हणजे प्रोसेसर जागाच झाला नाही.

इथे एक सावधगिरी हवीच. डीडीआर५ रॅमची मशीनं पहिल्यांदा सुरू होताना किंवा बायोस (बोर्डातली सुरुवातीची प्रणाली) रीसेट केल्यावर मेमरी ट्रेनिंग करतात, म्हणजे रॅमशी जुळवून घेतात, आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच असते. डीरॅमचा दिवा लागला म्हणून लगेच बटण बंद करू नका. दहा मिनिटं जाऊ द्या.

पहिली चाचणी: टॉवर आडवा करा

ही चाचणी फुकटची आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात, तरी फार थोडे लोक ती करतात. मशीन बंद करा, मागची वायर काढा, काचेची बाजू वर येईल असं कॅबिनेट आडवं ठेवा आणि पुन्हा सुरू करा. उभ्या टॉवरमध्ये मदरबोर्ड भिंतीसारखा उभा असतो. एक-सव्वा किलोचा एअर कूलर त्याला बाजूने लटकतो आणि प्रोसेसरची वरची कड सॉकेटपासून दूर ओढतो. ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. आडवं केलं की कूलरचं वजन सरळ सॉकेटवर येतं आणि कार्ड स्लॉटमध्ये ताठ उभं राहतं.

आडवं असताना सुरू होतं आणि उभं केलं की नाही, असं दोन-तीनदा घडलं तर बिघाड यांत्रिक आहे यात शंका उरत नाही. मग आडव्याच स्थितीत ग्राफिक्स कार्ड काढा. प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय असेल तर मॉनिटरची वायर मदरबोर्डाला लावा, नसेल तर बोर्डावरच्या दिव्यांवर लक्ष ठेवा. कार्ड नसताना उभं मशीनही सुरू झालं तर दोष कार्डाच्या वजनाचा. नाहीतर सॉकेटकडे वळा.

आडवं करूनही फरक पडला नाही, म्हणून दाबाचा संशय सोडून देऊ नका. जास्त आवळलेले स्क्रू कॅबिनेट कसंही ठेवलं तरी तितकेच आवळलेले राहतात.

कूलरचे स्क्रू

वीज बंद करून मागची वायर काढा आणि पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा. आता कूलरचे चारही स्क्रू प्रत्येकी पाव वळसा सैल करा, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने. गाडीच्या चाकाचे नट जसे एकाआड एक फिरवतात, तसंच. मशीन सुरू करून बघा. नाही झालं तर आणखी पाव वळसा. एवढ्यावर डिस्प्ले आला तर कारण सापडलं. ही फक्त चाचणी आहे, तेव्हा बायोसपर्यंतच जा, तापमान बघा आणि बंद करा. कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नसताना विंडोज चालवत बसू नका.

कूलर जास्त आवळला जातो कसा? चांगल्या कूलरच्या स्क्रूंना स्प्रिंग आणि थांबा असतो; ठरलेल्या जागी स्क्रू अडतो आणि दाब आपोआप योग्य पडतो. तिथे अडलेल्या स्क्रूवर आणखी जोर लावला तर मागची पट्टी आणि बोर्ड वाकतात. काही कूलरना असा थांबा नसतो आणि किती आवळायचं हे हातावर अवलंबून राहतं. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की प्रोसेसर तिरका बसतो, आणि नंतर बाकीचे आवळले तरी तो तिरकेपणा पूर्ण जात नाही. मोठ्या सॉकेटमध्ये याचं गांभीर्य इतकं की ४०९४ पिनांच्या थ्रेडरिपर प्रोसेसरबरोबर एएमडीने १.५ न्यूटन-मीटरला आपोआप सुटणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हरच दिला आणि स्क्रू आवळायचा क्रम सॉकेटवरच आकड्यांनी छापला. तो क्रम चुकला की एखाद-दोन मेमरी चॅनेल गायब होतात.

एलजीए १७०० च्या प्रोसेसरची आणखी एक अडचण आहे. आधीचे प्रोसेसर ३७.५ मिलिमीटरचे चौकोनी होते; हे ३७.५ बाय ४५ मिलिमीटर, लांबुळके आहेत. सॉकेटची चौकट त्यांना लांब बाजूंच्या मध्यावरच दाबते, त्यामुळे ते मधोमध किंचित खोलगट होतात. यावर उपाय म्हणून चौकट काढून तिच्या जागी कडेने सारखा दाब देणारी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवतात. तापमान काही अंशांनी उतरतं हे खरं, पण फ्रेमचे टी२० स्क्रू किती आवळायचे हा अंदाज चुकला की नेमका तोच बिघाड उद्भवतो: रॅम अर्धीच दिसते किंवा डिस्प्लेच येत नाही. फ्रेम लावल्यानंतर मशीन अडलं असेल तर दुसरं काही तपासण्याआधी मूळ चौकट परत लावा किंवा फ्रेमचे स्क्रू सूचनापत्रकात दिल्याइतकेच आवळा.

रॅमवरून सॉकेटचं निदान

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूने स्लॉटांचा क्रम सहसा ए१, ए२, बी१, बी२ असतो. रॅमची एकच पट्टी घ्या. आधी ए२ मध्ये लावून सुरू करा, मग बी२ मध्ये, मग बी१ मध्ये. हेच दुसऱ्या पट्टीने करा.

कुठल्याही पट्टीने फक्त एकच स्लॉट चालत नसेल तर त्या स्लॉटमध्ये धूळ आहे किंवा तो मोडला आहे. बी१ आणि बी२ दोन्ही मुकाट आणि ए२ व्यवस्थित, असं असेल तर स्लॉटांना दोष देऊ नका. दोन स्लॉट एकाच वेळी खराब होण्यापेक्षा त्यांना जोडणाऱ्या सॉकेटच्या पिनांना संपर्क मिळत नसण्याची शक्यता कितीतरी जास्त. मशीन सुरू होतं पण ३२ जीबीऐवजी १६ दिसते, किंवा ग्राफिक्स कार्ड सोळा लेनऐवजी (प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गिकांऐवजी) आठवर चालतं, ही त्याच रोगाची सौम्य रूपं. ती दिसली तर मशीन पूर्ण अडेपर्यंत थांबायचं कारण नाही.

कूलर सैल करून भागलं नाही तर तो पूर्ण काढा. मशीन आधी थोडा वेळ चालवता आलं तर कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट मऊ होते. कूलर सरळ वर ओढू नका, डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि ओढला तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. मग सॉकेटवर टॉर्चचा उजेड तिरका पाडा आणि चारही बाजूंनी फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. सरळ पिनांची टोकं एका रांगेत चमकतात. वाकलेली पिन त्या रांगेतून फुटून निघते किंवा चमकतच नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने ती अगदी थोडी-थोडी सरळ करता येते, पण हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या. पिन तुटली की सॉकेटच बदलावं लागतं. पेस्टचा कण सॉकेटमध्ये पडला असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. कापसाचा बोळा सॉकेटमध्ये फिरवू नका, त्याचे धागे पिनांत अडकून त्या वाकतात.

बोर्ड बाहेर काढून चालवा

सॉकेट ठीक वाटत असूनही मशीन अडलेलंच असेल, तर सगळा बोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएसच्या २४ पिनी व ८ पिनी वायरी, बस्स. पॉवरच्या पिना स्क्रूड्रायव्हरने जोडा. इथे सुरू झालं तर बोर्ड निर्दोष आहे, दोष कॅबिनेटचा.

मग कॅबिनेटमधले स्टँडऑफ मोजा. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला सहसा नऊ छिद्रं असतात. त्याच कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसवताना जादा स्टँडऑफ तसाच राहून गेला तर त्याचं पितळी टोक बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतं. सगळे स्टँडऑफ एकाच उंचीचे आहेत ना, हेही पट्टी आडवी धरून बघा. वेगवेगळ्या पुड्यांतले मिसळले की एखादा उंच निघतो आणि स्क्रू लावताच बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. रॅमच्या स्लॉटजवळच्या कडेखाली स्टँडऑफ नसेल तर रॅम किंवा २४ पिनी वायर बसवताना बोर्ड खाली दबतो, आणि कपॅसिटर तडकायला तेवढा दाब पुरे होतो. त्यामुळे परत बसवताना आधी मधला स्क्रू, मग बाहेरचे, सगळे हलके. नंतर एकेक करून आवळा. स्क्रू बोर्डाला टेकला की थोडंसंच फिरवायचं. एकेका स्क्रूनंतर मशीन सुरू करून बघितलं तर कोणत्या कोपऱ्यात दोष आहे तेही हाती लागतं.

कार्ड, वायरी आणि एसएसडी

मोठी ग्राफिक्स कार्डं दोन किलोपर्यंत किंवा त्याहूनही जड असतात. ती स्लॉटच्या मागच्या टोकाला झुकतात, आणि वाहतुकीत धक्का बसला तर कार्डाच्या खाचेजवळ भेग पडते. कार्ड काढून ती जागा उजेडात तपासा. कॅबिनेटकडचे दोन्ही स्क्रू लावलेले असावेत आणि दुसऱ्या टोकाला आधार द्यावा. आधार इतकाच उंच ठेवा की कार्ड समपातळीत राहील. जास्त उचललं तर स्लॉटला उलट्या दिशेने ताण पडतो.

कार्डाच्या १६ पिनी पॉवर वायरीला कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत वाकवू नये. काचेची बाजू लावताना वायर दाबली गेली की कनेक्टर तिरका होतो. काच काढल्यावर मशीन सुरू होतं आणि लावल्यावर नाही, याचं कारण बहुधा हेच. अशा कनेक्टरमधून वीज चालू ठेवणं धोक्याचं आहे, कारण अर्धवट टेकलेल्या पिना तापून वितळतात.

एम.२ एसएसडीखालचा (बोर्डावर थेट आडवी बसणारी चपटी पट्टी) छोटा स्टँडऑफ विसरला किंवा हीटसिंकची थर्मल पट्टी जास्त जाड निघाली की एसएसडी कमानीसारखी वाकते. मग मशीन बायोसपर्यंत येतं, पण बूट करायला काही सापडत नाही. कधी सापडतं, कधी नाही. बाजूने पाहिलं की कमान दिसते.

लॅपटॉपमध्ये

लॅपटॉप उघडून बंद केल्यावर सुरू होत नसेल तर आधी स्क्रूंची लांबी तपासा. तीन मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरचा स्क्रू गेला की तो बोर्डात घुसतो किंवा कीबोर्डला खालून ढकलतो. उघडतानाच कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला तर ही वेळ येत नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवरच हीटसिंक बसतो. म्हणून हीटसिंकवर छापलेल्या १, २, ३, ४ या क्रमानेच, थोडं-थोडं करत आवळा. एका कडेने आवळलं तर सिलिकॉनचा कोपरा उडतो, आणि त्याला दुरुस्ती नाही.

टचपॅड वर आला असेल, त्याचं क्लिक होत नसेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली आहे आणि ती आतून सगळं दाबते आहे. चार्जर लगेच काढा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोकदार वस्तू लावू नका. ती बदलेपर्यंत बाकीचं निदान थांबवा.

चिप दाबली की चालतं तेव्हा

एखादी चिप बोटाने दाबली की डिस्प्ले येतो, सोडली की जातो. किंवा थंड मशीन सुरू होत नाही आणि तापलेलं होतं. ही सोल्डरच्या गोळ्यांत भेग पडल्याची खूण आहे. २००६ च्या जुलैत युरोपात इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आल्यापासून जगभर बिनशिशाचं सोल्डर रुळलं. ते जास्त कडक असतं आणि वाकल्यावर तडकतं. बोटाने दाबून बघणं हे निदान झालं. चिप आणि कॅबिनेटच्या मध्ये रबराचा तुकडा ठोसून मशीन चालवलं तर भेग वाढतच जाते. बोर्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो मानू नका. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, त्याआधी कनेक्टरांचं प्लॅस्टिक खराब होतं आणि विषारी धूर निघतो. चिप उचलून नव्या गोळ्यांवर पुन्हा बसवणं, हे यंत्र असलेल्या कारागिराचं काम आहे.

शॉर्टचा संशय असेल तर ८ पिनी वायर काढून मशीन सुरू करा. आता फॅन टिकून फिरले तर शॉर्ट प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागात आहे. मग सगळी वीज तोडून मल्टिमीटरने बोर्डावरच्या ८ पिनी सॉकेटच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. तो शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट नक्की. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मात्र एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी आकडा येणं स्वाभाविक आहे. तो पाहून बोर्ड मोडीत काढू नका.

दुरुस्त झालं, हे कधी म्हणायचं

एकदा डिस्प्ले आला म्हणजे काम संपलं नाही. बायोसमध्ये पूर्ण रॅम आणि दोन्ही चॅनेल दिसतात का ते बघा. मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) एक पूर्ण फेरी होऊ द्या, कारण डळमळीत पिन सुरू होताना साथ देते आणि भार आल्यावर चुका करते. मग मशीन रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी थंड असताना, उभं करून, काच लावून सुरू करा. सलग तीन-चार दिवस असं निर्विघ्न झालं की समाधान माना. त्यानंतर मशीन कुठे पाठवायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि मोठा एअर कूलर काढून वेगळे बांधा. ते जमत नसेल तर निदान कॅबिनेट असं आडवं न्या की मदरबोर्डाची बाजू खाली राहील.